पूर्वपक्ष, पायजमा आणि बेटेगाव

जुन्या शास्त्रीमंडळींची एक शिस्त होती. समोरच्याचं मत खोडायचं असेल तर आधी ते त्याच्याहून नेटकं मांडून दाखवायचं, मगच त्यावर बोलायचं. पूर्वपक्ष लंगडा मांडला तर भर सभेत मांडणाऱ्याचीच शोभा होई. परदेशी विद्यापीठात अर्ज करण्याविषयी आमच्या बोईसर-तारापूर पट्ट्यात जे मत घट्ट बसलं आहे ते मला मान्य नाही. पण शिस्त पाळून आधी ते मांडतो.

बोईसरहून चिल्हार फाट्याकडे निघालं की थोड्याच वेळात बेटेगाव लागतं. गावात अभियांत्रिकी महाविद्यालय आहे आणि रेल्वे ओलांडली की तारापूरची एमआयडीसी. त्यामुळे टपरीवरच्या एकाच बाकावर शिफ्ट सुटलेले बाप आणि केटी सुटायची वाट पाहणारी पोरं शेजारी शेजारी चहा पिताना दिसतात. पोरांच्या तोंडी ‘बाहेर’ हा शब्द असतो. बाहेर म्हणजे जर्मनी, आयर्लंड, कॅनडा. बापांचं म्हणणं साधारण असं असतं: हे आपलं काम नाही. फॉर्म इंग्रजीत, नियम दर वर्षी बदलणारे, एक चूक झाली की फी गेली आणि वर्षही गेलं. त्यापेक्षा एजंटाला द्यावं, तो सगळं करतो. शेजारच्याच्या पोराचं त्यानंच केलं. शिवाय आपल्या पोराकडे सांगण्यासारखं आहे तरी काय? बाप ऑपरेटर, शाळा मराठी, सीजीपीआय दहापैकी सात. बड्या शहरातल्या पोरांचं प्रोफाइल असतं, आपल्याला ते बनवून घ्यावं लागतं. एसओपी म्हणजे अर्जासोबतचं निवेदन, तेसुद्धा लिहिणारे आहेत, चार पैसे घेतात पण इंग्रजी झकास लिहितात.

हा पूर्वपक्ष खुळा नाही. ज्याच्या घरात पासपोर्टच पहिल्यांदा निघतो आहे, त्याला प्रयोग करून बघण्याची चैन परवडत नाही. पण यात दोन वेगळी विधानं एकमेकांच्या आडोशाला उभी आहेत. अर्ज करायला माहिती लागते, हे एक. ते अर्धं खरं आहे. आपल्या पोराकडे सांगण्यासारखं काही नाही, हे दुसरं. ते साफ खोटं आहे, आणि पहिल्याचा सगळा जोर या दुसऱ्यातून येतो. सांगण्यासारखं काही नसेल तरच बनवणारा लागतो.

आधी एक दृष्टान्त, आपल्या जुन्या जिल्ह्यातलाच. पालघर जिल्हा 2014 च्या ऑगस्टात झाला. त्याआधी आपण ठाण्यात होतो, आणि कल्याणही ठाण्यातच. त्या कल्याणच्या आनंदीबाई जोशी 1883 साली अमेरिकेत वैद्यक शिकायला गेल्या हे शाळेच्या पुस्तकामुळे सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्या प्रवेशाची कागदोपत्री हकीकत मात्र फारशी कुणी सांगत नाही. पहिली खटपट आनंदीबाईंनी केलीच नव्हती, ती केली गोपाळरावांनी. पोस्टातला कारकून माणूस, पत्रव्यवहारात तरबेज. त्यांनी रॉयल वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याला लिहिलं की मला बायकोला शिकवायचं आहे, तिकडे काही सोय होईल का. वाइल्डरनं उत्तरात ख्रिस्ती होण्याचा सल्ला दिला आणि तो पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापून टाकला. आजच्या भाषेत सांगायचं तर दुसऱ्यानं भरलेला अर्ज नामंजूर झाला.

1880 साली न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट बघत बसल्या असताना मासिकाचा तो अंक त्यांच्या हाती पडला. त्यांनी आनंदीबाईंना लिहिलं, आनंदीबाईंनी स्वतः उत्तर दिलं आणि पत्रांची ये-जा सुरू झाली. पुढे 1883 च्या जूनमध्ये, रोझेलला कार्पेंटरबाईंच्या घरी पोचल्यावर, फिलाडेल्फियाच्या बायकांच्या मेडिकल कॉलेजला जे पत्र गेलं ते आनंदीबाईंचं होतं. हातात मॅट्रिकचं सर्टिफिकेट नाही, वय अठरा. पत्रात त्यांनी आपल्या हुशारीची जाहिरात केली नाही. आप्तांचा आणि जातीचा विरोध असताना मी इथवर आले, आणि आमच्याकडच्या बायका मरण पत्करतील पण पुरुष डॉक्टरला हात लावू देणार नाहीत, अशा आशयाचं त्यांनी लिहिलं. म्हणजे मी कुठून आले आणि तिथे कशाची उणीव आहे, एवढंच. कॉलेजनं घेतलं. 1886 च्या मार्चमध्ये त्या एम.डी. झाल्या.

पूर्वपक्षी इथे हात वर करील: गोपाळरावांचं पत्र छापलंच गेलं नसतं तर कार्पेंटरबाईंना काही कळलं असतं का? नसतं. हे मी मोकळेपणानं मान्य करतो. वाट कुणीतरी दाखवावी लागते, आणि आजही एखादा चांगला सीनियर किंवा सर तेवढं करतात. पण कॉलेजच्या टेबलावर जे वाचलं गेलं ते गोपाळरावांच्या हातचं नव्हतं.

दुसरा आक्षेप आणखी सरळ आहे: आनंदीबाई एकच झाल्या. तशा कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकरही होत्या, जमशेटजी टाटांनी 1892 साली सुरू केलेल्या शिष्यवृत्तीच्या पहिल्या मानकऱ्यांपैकी. तरीही आक्षेप मान्य करू. नुसत्या दृष्टान्तावर न्यायशास्त्रात काही सिद्ध होत नाही, हेतू म्हणजे कारण द्यावं लागतं. हेतू असा आहे की अर्ज वाचणारा माणूस शेकडो अर्ज ओळीनं वाचतो, आणि बनवलेली गोष्ट बनवलेल्या गोष्टीसारखीच दिसते.

याचा पुरावा गमतीचा आहे. ब्रिटनमध्ये पदवीचे अर्ज युकास नावाच्या एका मध्यवर्ती संस्थेमार्फत जातात. 2007 साली त्यांनी अर्जांतली निवेदनं संगणकावर एकमेकांशी ताडून पाहिली. तेव्हा वैद्यकाच्या 234 उमेदवारांनी जवळपास एकच आठवण लिहिलेली निघाली: आठव्या वाढदिवसाला केमिस्ट्री सेट मिळाला आणि प्रयोग करताना पायजम्याला भोक पडलं. 234 पायजमे! कुठल्या तरी नमुना-निबंधातला एकच पायजमा होता, तो या घरून त्या घरी वापरायला गेला. आपल्याकडच्या एसओपीत पायजमा नसतो, त्याच्या जागी ‘लहानपणापासून मला यंत्रांची आवड’ असते. मी अशी बरीच निवेदनं वाचली आहेत. त्यांत मुलगा कुठला हे कळत नाही. नाव बदललं की ते लातूरच्या पोराचंही चालतं आणि लुधियानाच्याही. हल्ली हे काम संगणक फुकटात करतो, त्यामुळे पायजम्यांची पैदास वाढलीच असणार. युकासनं तर 2026 च्या प्रवेशांपासून मोकळा निबंधच काढून टाकला आणि त्याजागी तीन प्रश्न ठेवले: हा विषय का, अभ्यासानं तुझी तयारी कशी झाली, आणि वर्गाबाहेर तू काय केलंस. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर एजंट कुठून आणणार?

एजंटावर माझा राग नाही. तो धंदा करतो, आणि त्या धंद्याचं गणित लोकांना माहीत असावं एवढंच. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा इथल्या पुष्कळ संस्था विद्यार्थी आणून देणाऱ्या एजंटाला कमिशन देतात, आणि बहुधा ते पहिल्या वर्षाच्या फीचा काही हिस्सा असतं. ‘आमची सेवा मोफत’ या पाटीचा अर्थ तो. जर्मनीच्या सरकारी विद्यापीठात फीच जवळपास नसेल तर कमिशन कशातून निघणार? मग जर्मनीचं नाव काढलं की ‘तिकडे भाषेचा त्रास आहे’ असं ऐकू येतं. भाषेचा त्रास असतो, हे खरंच. पण तो कमिशनचा त्रास आहे की भाषेचा, हे ज्यानं त्यानं ओळखावं. आणि एजंटावर हवाला टाकून निर्धास्त होणाऱ्यांना 2023 सालची आठवण करून देतो. त्या वर्षी कॅनडात शेकडो भारतीय विद्यार्थ्यांवर परत पाठवण्याची टांगती तलवार आली. बरेचसे पंजाबातले. एजंटानं दिलेली त्यांची प्रवेशपत्रंच बनावट निघाली होती, आणि अनेकांना ते तोवर ठाऊकही नव्हतं.

अमेरिकेच्या व्हिसाची तर आणखी एक खुबी. तिथला कायदा धरूनच चालतो की हा माणूस कायमचा राहायला निघाला आहे, तसं नाही हे उमेदवारानं पटवायचं. बांद्रा-कुर्ला संकुलातल्या त्या खिडकीसमोर दोन-तीन मिनिटं मिळतात आणि शेजारी कुणी उभं राहू शकत नाही. दुसऱ्यानं लिहिलेला एसओपी पाठ करून गेलेला पोरगा तिथे तिसऱ्या प्रश्नाला अडखळतो.

आता अर्ध्या खऱ्या विधानाकडे. माहिती लागते, आणि ती कंटाळवाणी असते. मुंबई विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव. पासपोर्टवर वेगळी मांडणी. जातीच्या दाखल्यावर तिसरीच, ‘श’ आणि ‘ष’च्या इंग्रजी स्पेलिंगसकट. ही तीन नावं एकाच माणसाची आहेत हे आधी सिद्ध करून ठेवलेलं बरं. ट्रान्सक्रिप्टसाठी कलिन्याला खेपा घालाव्या लागतात. 2013 पासून लोकल डहाणूपर्यंत येते हे खरं, पण बोईसरहून सांताक्रूझला जाऊन परत येणं म्हणजे दिवस गेला. जर्मनीसाठी नोव्हेंबर 2022 पासून एपीएस नावाच्या पडताळणीचं प्रमाणपत्र सक्तीचं आहे, त्याचे 18,000 रुपये, आणि ते यायला लागणारा वेळ तारखांच्या हिशोबात धरायचा. पण या सगळ्यात गूढ असं काय आहे? रेशनकार्डावर नाव चढवण्याहून किंवा सातबारा दुरुस्त करून घेण्याहून हे अवघड नाही, आणि आपली माणसं ती कामं निमूटपणे करतातच.

सीजीपीआय सातचंही तसंच. सात म्हणजे सामान्य, असं आपण पोराला इतक्या वेळा ऐकवतो की तो अर्जाची पानंच उघडत नाही. जर्मन विद्यापीठं परदेशी गुण आपल्या मापात बदलून घेताना एक साधं सूत्र वापरतात: सर्वोच्च गुणांतून मिळालेले वजा करा, त्याला सर्वोच्च आणि उत्तीर्णतेच्या किमान गुणांमधल्या फरकानं भागा, तिनानं गुणा, एक मिळवा. सर्वोच्च 10 आणि किमान 4 धरले तर सातचे होतात 2.5. जर्मनीत एक सर्वांत चांगला आणि चार काठावर पास. अनेक एम.एस्सी. अभ्यासक्रमांत 2.5 ही दारातून आत येण्याची अट असते. म्हणजे ज्याला आपण ‘काही होणार नाही’ म्हणतो तो दारातच उभा आहे. आठ असतील तर 2.0. हे गणित बेटेगावच्या बाकावर बसून दोन मिनिटांत होतं. त्यासाठी हॉटेलातल्या सेमिनारला जायची गरज नाही.

शिफारसपत्रांविषयी मात्र पोरांचा नाही, आम्हा शिकवणाऱ्यांचा दोष आहे. ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ हे वाक्य मीही बोललो आहे. 1916 साली आंबेडकर न्यू यॉर्कहून लंडनला गेले तेव्हा कोलंबिया विद्यापीठातल्या प्राध्यापक सेलिग्मन यांनी तिकडच्या ओळखीच्या प्राध्यापकाला स्वतःच्या हातानं कळवलं होतं. तेवढा वेळ आम्ही काढत नाही, आणि मग पोरगं तेही काम एजंटाकडे देतं.

आता गाभ्याचा मुद्दा, सांगण्यासारखं काय आहे हा. यावर मला खरोखर चीड येते. बेटेगावच्या पोराच्या सायकलच्या टप्प्यात काय काय आहे ते बघा. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या, 1969 साली सुरू झालेलं देशातलं पहिलं व्यापारी अणुवीज केंद्र, अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकनं बांधलेलं. शेजारी तारापूर एमआयडीसी, जिला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या निर्देशांकात देशातल्या 100 औद्योगिक क्षेत्रांमध्ये 93.69 गुण मिळाले आणि पहिला क्रमांक लागला, म्हणजे प्रदूषणात. त्या सांडपाण्यावरून अखिल भारतीय मांगेला समाज परिषद हरित लवादात गेली. मासेमारांची संघटना आणि रासायनिक कारखाने यांच्यातला तो झगडा जगातल्या कुठल्याही पर्यावरण-कायद्याच्या वर्गात चालेल. उत्तरेला डहाणू-तलासरीत नोव्हेंबर 2018 पासून छोट्या भूकंपांची मालिका सुरू झाली, लोकांनी रात्री तंबूत काढल्या. वाढवणला बंदर होऊ घातलं आहे, त्याचं भूमिपूजन 2024 च्या ऑगस्टात झालं. बुलेट ट्रेनचा मार्ग इथूनच जातो. घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन आहे. अणुशास्त्र, भूकंपशास्त्र, सांडपाणी, सागरी जीवशास्त्र, भूसंपादन, स्थलांतरित मजुरांचं समाजशास्त्र: पुण्या-मुंबईच्या वातानुकूलित शाळेतला मुलगा हे पुस्तकात वाचतो. आमचा पोरगा नाकानं ओळखतो की आज वारा कुठल्या प्लॉटवरून येतो आहे. आणि तो अर्जात लिहितो, लहानपणापासून मला यंत्रांची आवड.

गेल्या वर्षी असाच एक जण आला होता, वडिलांसोबत मोटरसायकलवर. केमिकलचा. वडील म्हणाले, “सर, ह्याचं ते एसओपी तेवढं लिहून द्या, काय होतील ते देतो.” मी मुलाला विचारलं, प्रोजेक्ट काय केलास? नाल्याच्या पाण्याचा बीओडी, म्हणाला; म्हणजे पाण्यातली घाण पचवायला जंतूंना लागणारा प्राणवायू. मग गप्प. खोदून विचारल्यावर बाहेर आलं. तिघांनी सकाळी बाटल्या भरल्या, मोटरसायकलवरून नेल्या, रस्त्यात एकाची गाडी पंक्चर झाली, प्रयोगशाळेत पोचेपर्यंत दुपार. नमुना बर्फात न्यायचा असतो, ते राहूनच गेलं. उन्हात बाटलीतल्या जंतूंनी आपलं काम सुरू केलं, आणि 27 अंशांवर तीन दिवस ठेवून जे आकडे आले ते अपेक्षेहून बरेच कमी. तो नाला पाहिलेल्या कुणालाही हसू येईल इतके कमी. “मग?” “मग काय सर, अहवालात तेवढं पान लहान केलं.” त्याच्या मते हा त्याचा कलंक होता, अर्जात तो कुणाला दिसता कामा नये. माझ्या मते त्या चार वर्षांत त्याला खरोखर कळलेली गोष्ट ती एकच होती: नमुना कसा घेतला हे ठाऊक नसेल तर प्रदूषणाच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. ज्या प्राध्यापकाची सगळी हयात पाण्याचे नमुने घेण्यात गेली आहे, तो हे वाचून खुर्चीत पुढे सरकेल.

राहिला पैसा. या बाबतीत पूर्वपक्षाला मी फारसं हरवू शकत नाही. जर्मनीत शिकवणी शुल्क बहुतेक सरकारी विद्यापीठांत नाही, पण बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्य युरोपबाहेरच्यांकडून दर सत्राला 1500 युरो घेतं, म्यूनिकच्या तांत्रिक विद्यापीठानंही 2024 पासून शुल्क लावलं, आणि वर्षाच्या खर्चाचे 11,904 युरो बँकेत बंद करून दाखवावे लागतात. घर गहाण टाकून पाठवायचं की नाही, हे बाहेरच्यानं सांगू नये. फक्त एवढंच की पैशाची अडचण ही जाण्याची अडचण आहे, अर्जाची नाही, आणि शिष्यवृत्तीची दारं अर्ज केल्यावाचून उघडत नाहीत. आंबेडकरांना 1913 साली सयाजीराव गायकवाडांनी महिना साडेअकरा पौंड तीन वर्षांसाठी दिले, बदल्यात दहा वर्षं बडोद्याच्या नोकरीचा करार. शिष्यवृत्ती संपली आणि 1917 साली त्यांना लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून परत यावं लागलं. पण येताना त्यांनी एक कागद हातात घेतला होता: चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी. मग सिडनहॅम कॉलेजच्या पगारातली शिल्लक, शाहू महाराजांची मदत, मित्र नवल भथेनांकडून उसने, असं जमवून 1920 साली ते परत गेले आणि 1923 साली डी.एस्सी. झाले. आज त्या शाहू महाराजांच्याच नावानं राज्य सरकार अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना दरवर्षी 75 परदेश शिष्यवृत्त्या देतं. आदिवासी मुलांसाठी केंद्राच्या 20 आहेत, त्यांतल्या 3 आदिम जमातींसाठी राखीव. महाराष्ट्रात आदिम जमाती तीन, त्यांतली एक कातकरी, आणि कातकरी पाडे आपल्या पालघरात आहेत. टपरीवरच्या गप्पांत या तीन जागांचं नाव मी आजवर एकदाही ऐकलेलं नाही.

त्या मोटरसायकलवरच्या बापलेकांना मी नाही म्हटलं, लिहून देणार नाही म्हणून. वडील नाराज झाले. मुलानं विचारलं, इंग्रजी चुकलं तर? म्हटलं, चुकलेलं दुरुस्त करता येतं, ते मी करीन. आधी मराठीत लिही, जसं मला सांगितलंस तसं. आठ दिवसांनी तो वहीचं फाडलेलं पान घेऊन आला. अक्षर किरटं, दोन ठिकाणी खोडलेलं. पहिली ओळ होती: आम्ही बर्फ न्यायला विसरलो.